इथं 'हाव' चालत नाई

प्राध्यापक गोवर्धन गावंडे यांना अकोल्याला जायचं नव्हतं. एवढी एक गोष्ट ध्यानात ठेवा, म्हणजे त्या सहामाहीत सरांनी जो काय धिंगाणा घातला त्याचा उलगडा आपोआप होईल. आता अकोल्यात काय वाईट आहे, असं एखादा अकोलेकर बाह्या सारून विचारेल. काहीच वाईट नाही, राजेहो. पण अकोल्यात जठारपेठ आहे, जठारपेठेत सरांची सासुरवाडी आहे, आणि सासुरवाडीत बैठकीच्या मधोमध खुर्ची टाकून सरांचे सासरे चंद्रभानजी बसलेले आहेत. चंद्रभानजी म्हणजे निवृत्त गणितमास्तर. कांदा महागला की त्यांचा फोन येतो, "जवाईबुवा, कांदा काहून वाढला? तुमचं तं शास्त्रच आहे ते." सर कारण सांगतात. मग कांदा उतरतो आणि पुन्हा फोन येतो, "तुमी तं अजून वाढन म्हणत होते!" फोनवर हे निभून जातं, कारण आवाज तुटतोय असं म्हणता येतं. समोर बसलेल्या सासऱ्याला आवाज तुटतोय असं कसं सांगणार?

झालं असं होतं, की संस्थेची कॉलेजं दोन, एक अमरावतीत आणि एक अकोल्यात. नव्या धोरणाप्रमाणे पहिल्या वर्षाच्या पोरांनी सहामाहीच्या शेवटी आपला मुख्य विषय निवडायचा होता. प्राचार्यांनी सरांना बोलावून स्पष्टच सांगितलं, की अर्थशास्त्राला वीस पोरं मिळाली नाहीत तर अमरावतीतला विभाग बंद, आणि विभागप्रमुखाची रवानगी अकोल्याच्या शाखेत. विभागात प्रमुखाखेरीज दुसरं कोणीच नव्हतं, त्यामुळे रवानगी कोणाची याविषयी शंकेला जागा नव्हती.

चंद्रभानजी अकोल्याच्या शाखेवर सल्लागार, त्यामुळे ही बातमी त्यांच्यापर्यंत पोचायला वेळ लागला नाही. त्यांचा लगेच फोन आला, की वरची खोली झाडून ठेवली आहे, जवाईबुवांना शिकवायची सवय मोडू नये म्हणून भिंतीला फळाही टांगला आहे. पन्नाशी उलटल्यावर घरजावई! सर फोन ठेवून गच्चीवर गेले, खाली आले, पुन्हा वर गेले. शकुनताई पोळ्या लाटता लाटता म्हणाल्या, "अजी, एका जागी बसा ना. मले काय, पोळ्या इथं बी लाटाच्या अन् तिथं बी लाटाच्या." हा दिलासा होता की टोमणा, हे वीस-बावीस वर्षांच्या संसारानंतरही सरांना ओळखता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी प्राचार्यांनी उपायही सुचवला. त्याचं नाव चर्चा-वर्ग. सरांनी आठवड्यातून दोनदा सगळ्यांना एकत्र शिकवायचं आणि मग पोरांचे छोटे गट करून तिसऱ्या वर्षाच्या हुशार विद्यार्थ्यांनी त्यांच्याकडून ते घोटवून घ्यायचं.

"म्हणजे पोरंच पोरांना शिकवणार?" सर म्हणाले. "मग मी काय करणार?"

"तुम्ही त्यांच्यासोबत काम करणार."

हा 'सोबत' सरांना फार लागला. त्यांच्यावर देखरेख करणार म्हटलं असतं तर चाललं असतं, त्यांचं मार्गदर्शन करणार म्हटलं असतं तर धावलं असतं. सोबत! ज्या पोरांना आपण दोन वर्षं बाकावर उभं केलं त्यांच्यासोबत! पण अकोल्याचा फळा डोळ्यांपुढे आला आणि सरांनी मान डोलावली.

पुढे आली दोघं. एक शिवम, हा गावोगावच्या टेनिस-बॉल सामन्यांत माईकवरून धावतं वर्णन करायचा, त्यामुळे आवाज असा की तीन वर्गांना एकदम पुरावा. दुसरी प्राजक्ता होले, परतवाड्याची. घरी फुलांचा मळा आणि बाजारात फुलांचं दुकान, त्यामुळे गिऱ्हाईक तोंड उघडायच्या आधी त्याला काय पाहिजे ते ओळखायची हिची सवय. मुलगी बोलायला फटकळ. तिने पहिल्याच दिवशी विचारलं, "सर, आमाले नेमकं काय करा लागते? शिकवाचं का बोलतं कराचं?"

"मी लिहून देतो," सर म्हणाले. आणि इथून घसरगुंडी सुरू झाली.

सरांनी पहिल्या चर्चा-वर्गाचं शब्दन् शब्द भाषण लिहिलं. पोरांवर कसला भरवसा? कुठे थांबायचं, कुठे आवाज चढवायचा, सगळं लिहिलं. शिवमने ते पान हातात धरलं आणि सामन्याच्या आवाजात वाचून काढलं. "किंमत वाढली असता मागणी घटते. थोडे थांबून मुलांकडे पाहावे. येथे विनोद." पहिल्या वर्षाची पोरं बिचारी सज्जन, त्यांनी सगळं उतरवून घेतलं. पुढच्या चाचणीत मागणीचा नियम विचारला, तर शिवमच्या अख्ख्या गटाने लिहिलं की किंमत वाढली असता मागणी घटते, थोडे थांबून मुलांकडे पाहावे. एका मुलीने तर हे नियमाचं दुसरं कलम म्हणून वेगळ्या ओळीवर लिहिलं आणि खाली रेघ मारली. सरांनी तिला अर्धा गुण दिला, कारण तसं पाहिलं तर वाक्य त्यांचंच होतं.

सरांच्या शेजारी देवमनजी राहतात. एसटीत वाहतूक नियंत्रक होते, आता निवृत्त, आणि सल्ला द्यायला सदैव हजर. सर फाटकापाशी येरझाऱ्या घालताना दिसले की देवमनजी कुंपणाशी येतात. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि निदान केलं, "सर, पोट्ट्यांच्या अंगावर वर्दी नाई. वर्दी नसली तं कंडक्टरले बी लोक पैसे देत नाई. बिल्ले करा बिल्ले."

सरांना पटलं. माणूस घाबरला की त्याला काहीही पटतं. त्यांनी छापखान्यात बिल्ले टाकले, मजकूर दिला 'सहाध्यायी मार्गदर्शक'. छापखानेवाला विचारी माणूस होता, त्याला सरांची चूक सापडली आणि त्याने ती दुरुस्त केली. बिल्ले आले ते 'सहा अध्यायी मार्गदर्शक' असे. प्राजक्ताने बिल्ला उलटासुलटा करून पाहिला आणि मुकाट्याने पिशवीत टाकला. शिवमने मात्र छातीवर लावला. अभ्यासक्रमात प्रकरणं आठ. पोरांनी बिल्ला वाचला आणि त्यांना वाटलं, परीक्षेला सहाच अध्याय आहेत! वाऱ्यासारखी बातमी कॉलेजभर झाली. सातव्या प्रकरणावर सरांनी तास घेतला तेव्हा वर्गात पोरं किती होती ते सांगत नाही, सरांच्या अब्रूचा प्रश्न आहे. सगळीकडे फिरून सरांना सांगावं लागलं, की बाबांनो, अध्याय आठच आहेत, तो बिल्ला मनावर घेऊ नका. छापखानेवाल्याने वर विचारलंच, "मंग आठ अध्यायी करून देऊ का?"

तेवढ्यात खोलीचं लचांड निघालं. इतके दिवस चर्चा-वर्ग व्हरांड्यात भरत होते, तिथे परीक्षा विभागाच्या पेट्या आल्या. खोलीसाठी सर कार्यालयात नत्थुजींकडे गेले. नत्थुजी कॉलेजचे बडे बाबू, चष्म्याच्या वरून बघून बोलतात.

"खोली शिक्षकाच्या नावावर निघते सर. पोट्ट्यांच्या नावावर खोली काढली तं उद्या तिथं लग्न लावतील."

"मग माझ्या नावावर काढा."

"काढतो ना. पण ज्याच्या नावावर खोली त्याले हजर राहा लागन."

सरांना हे हवंच होतं. नियमाने हजर राहायचं म्हटल्यावर कोण हरकत घेणार? पण प्राजक्ताने घेतली. "सर, तुमी आत बसले तं पोट्टे तोंड उघडत नाईत. नत्थुजी हजर राहा म्हणाले, आत बसा नाई म्हणाले." नत्थुजींना विचारलं तर ते म्हणाले, "इमारतीत असलं म्हणजे झालं." शेवटी दरवाज्याबाहेर, थंड पाण्याच्या टाकीशेजारी एक स्टूल टाकण्यात आलं. अर्थशास्त्राचे विभागप्रमुख त्यावर बसू लागले. जाणारी-येणारी पोरं त्यांना, "काका, पाणी थंड आहे का?" असं विचारून जायची. दुसऱ्या विभागातली पोरं ती, त्यांना काय माहीत? पहिल्यांदा सरांनी डोळे वटारले. नंतर नुसतं, "आहे," म्हणू लागले. माणसाचा किती चुरा व्हावा याला काही मर्यादा?

आत मात्र गडबड चालायची. हसणं, वाद, बाक वाजवणं. सरांचे कान दाराला चिकटलेले. आपल्या तासाला मुंगी चाललेली ऐकू येते आणि इथे हा बाजार. एका दिवशी आतून एका पोराने सरांची हुबेहूब नक्कल केली. तोच घसा खाकरणं, तोच खडू टेबलावर ठेवल्याचा आवाज, तोच खर्ज, "समजलं का?" आणि सगळ्या वर्गाने एकसुरात आरोळी ठोकली, "हाऽऽव!" आणि मग जो हशा पिकला, तो टाकीतल्या पाण्यावर तरंग उठवून गेला असेल.

वऱ्हाडाबाहेरच्या वाचकासाठी सांगतो. आमच्याकडे 'हो'ला 'हाव' म्हणतात. त्यात लोभाचा काही संबंध नाही. सर गेली कित्येक वर्षं तास संपवताना विचारत आले, "समजलं का?" आणि वर्ग म्हणत आला, "हाव!" या 'हाव'वर सरांचा सगळा डोलारा उभा होता. या 'हाव'च्या जोरावर ते घरी जाऊन सुखाने जेवत होते.

आत प्राजक्ता सांगत होती, "बस झालं. आपल्या इथं हाव चालत नाई. जो हाव म्हणन, पुढचा प्रश्न त्यालेच. आता सांगा, कायचं काय नाई समजलं?"

सर उठले आणि दार ढकलून आत शिरले. "नक्कल करता? माझी? मी काय इथे—" वर्ग एकदम उभा राहिला. सगळ्यांचे चेहरे कोरे. सरांनी विचारलं, "काय चाललं होतं? समजतंय का तुम्हाला काही?"

"हाव," वर्ग म्हणाला.

पुढच्या चर्चा-वर्गाला खोलीत एक पोर फिरकलं नाही. प्राजक्ता सरांसमोर येऊन उभी राहिली. "सर, कसं तरी बोलते झाले होते ते. आता एक तर तुमी शिकवा, नाईतर आमी. दोघं एका बैलगाडीचे दोन धुरकरी नाई होऊ शकत." आणि पिशवीतून तो बिल्ला काढून तिने टेबलावर ठेवला. शिवमनेही छातीवरचा काढला. त्याला काढताना वाईट वाटत होतं, हे दिसत होतं.

विषय निवडायचे दिवस तोंडावर आले होते. त्यातच पत्र आलं होतं, की पुण्याहून एक तज्ज्ञ बाई चर्चा-वर्ग पाहायला येणार. चर्चाही नाही आणि वर्गही नाही, बाई पाहणार काय? टाकी? सर घरी आले ते घराभोवती फेऱ्या मारत. देवमनजी कुंपणाशी आलेच. बिल्ल्यांचा सल्ला त्यांचा होता हे ते सोयीस्करपणे विसरले होते.

"सर, म्या जिंदगीभर गाड्या सोडल्या. शिट्टी मारली का आपलं काम खतम. तुमी कसे करून राहिले, शिट्टी मारली, गाडीत चढले, अन् डायवरच्या मांडीवर जाऊन बसले. मंग गाडी कोनाच्या बापाची चालते?"

सर तणतणत आत गेले. जेवताना शकुनताईंना सगळं सांगितलं, पोरांचा माजोरीपणा, प्राजक्ताचं फटकळ तोंड. "मी विचारतो समजलं का, तर हाव म्हणतात. समजलेलं नसतं तर हाव कशाला म्हणायचं? हा खोटेपणा नाही? समजलं का तुला, मी काय म्हणतोय?"

"हाव," शकुनताई म्हणाल्या.

सर जेवायचे थांबले.

"तुमी विचारता कसे जी, समजलं का म्हणून, तव्हा तुमचा एक पाय दाराबाहेर असते," शकुनताई वाटीत वरण वाढत म्हणाल्या. "नाई म्हटलं तं तुमी पुन्हा पयल्यापासून सुरू करान. म्या तं लग्न झाल्यापासून हावच म्हणून राहिली." आणि वरण आणखी पाहिजे का विचारलं. सरांना वरण पाहिजे होतं, पण त्यांच्या तोंडून होही निघेना आणि हावही निघेना. हात नुसता ताटावर धरून ते बसून राहिले. फार एकटं वाटलं त्यांना त्या दिवशी, खरंच सांगतो.

दुसऱ्या दिवशी सरांनी दोघांना राजकमल चौकात गिला वडा खायला बोलावलं. कार्यालयात बोलावलं असतं तर मध्ये टेबल आलं असतं. वड्यावर दही-चटणी पडली आणि सरांनी तोंड उघडलं, ते शिकवायला नाही. "कायचं काय नाही समजलं पोरांना?" त्यांनी प्राजक्ताचाच प्रश्न विचारला. दोघं एकमेकांकडे पाहू लागली. मग शिवमने धीर केला.

"सर, 'सीमांत उपयोगिता' म्हटलं का पोट्ट्यांले सीमेवरचे जवान आठवतात. अर्धा वर्ग समजून राहिला का हा फौजेतल्या भरतीचा धडा आहे."

सरांच्या घशात वडा अडकला. हा धडा ते अगदी प्रेमाने शिकवत. प्राजक्ताने त्यांच्या बशीत आणखी एक वडा वाढायला सांगितलं. तो त्यांनी खाल्ला. आणखी एक आला, तो अर्धा खाल्ला. आणखी एक आला तेव्हा त्यांनी हात जोडले.

"झालं सर. पयल्यात जे सुख होतं ते या वड्यात नाई. हेच ना सीमांत?"

"हे मला माहीत आहे!"

"तुमाले माहीत आहे सर. त्याईले कुठी माहीत आहे?"

सर चिडले होते, पण पोट भरलेल्या माणसाला नीट चिडता येत नाही. मग त्यांनीही एक गोष्ट सांगितली. स्टुलावरून दाराच्या फटीतून त्यांनी पाहिलं होतं, की प्राजक्ताने फळ्यावर मागणीची रेघ उलटी काढली होती, किमतीबरोबर वर चढणारी. तेव्हापासून त्यांना ते सलत होतं. आत शिरून पुसून टाकावी असं दहादा मनात आलं होतं. प्राजक्ताने कागदावर रेघ काढून पाहिली आणि लालबुंद झाली. "आन् तुमी बोलले नाई?"

"आता बोललो," सर म्हणाले. प्राजक्ताने बिल्ल्याविषयी काही न बोलता पुढच्या वर्गाची वेळ विचारून घेतली.

तिने पोरांना निरोप धाडून परत बोलावलं, आणि पहिलंच वाक्य काय म्हणावं, "मागच्या टायमाले म्या रेघ उलटी काढली होती. कोनालेच कशी दिसली नाई?" सर बाहेर स्टुलावर कान देऊन. आत एक मुलगी म्हणाली, "मले दिसली होती ताई, पण वाटलं मीच उलटी बसली असन." आणि वर्ग फुटला. सगळ्यांनी आपापल्या शंका बाहेर काढल्या, फौजेची भरतीसुद्धा. बाहेर सरांची मात्र दैना. दर दोन मिनिटांनी ते उठत, दाराच्या कडीला हात लावत, पुन्हा बसत. पाणी प्यायला उठत आणि न पिता बसत. उत्तर माहीत असताना गप्प बसणं ही काय साधी गोष्ट आहे? ज्याने आयुष्यभर उत्तरंच दिली त्यालाच विचारा.

स्वतःच्या तासालाही त्यांनी बदल करून पाहिला. पण सवय जाते का? तास संपता संपता घसा खाकरला, खडू ठेवला आणि तोंडून निघून गेलंच, "समजलं का?" पोरांना आता प्राजक्ताची सवय झालेली. कोणीही हाव म्हटलं नाही. सर उभे. वर्ग बसलेला. हाव आल्याशिवाय तासातून बाहेर कसं पडायचं, हे सरांना माहीतच नव्हतं. ते पुस्तक उचलून दारापर्यंत गेले आणि परत आले. शेवटी मागच्या बाकावरून एक हात वर आला, आणि त्या हाताला सरांनी मनोमन आशीर्वाद दिला.

आणि मग पुण्याच्या बाई आल्या. ठरल्या वेळेच्या आधीच आल्या, प्राचार्य अजून सत्काराचा नारळ शोधत होते. बाई थेट चर्चा-वर्गाची खोली विचारत आल्या. सर धडपडून स्टुलावरून उठले, ओळख सांगायला तोंड उघडलं, तोच दारात प्राजक्ताने डोळ्यांनी दटावलं, बोलू नका. बाई म्हणाल्या, "पाणी मिळेल का हो?" सरांनी पेला विसळून पाणी दिलं. बाई आत गेल्या आणि दार लोटलं गेलं.

"तुम्हाला हा विषय समजतोय का?" बाईंचा पहिलाच प्रश्न.

वर्ग चिडीचूप. बाहेर सरांनी टाकीचा नळ घट्ट धरला. बोला रे, कोणीतरी बोला, अकोल्याला धाडता का मला?

"अरे, असे गप्प का? कळलं असेल तर तसं सांगा!"

"मॅडम," आचल नावाची मुलगी उठली, "आमच्या इथं हाव चालत नाई."

बाई थबकल्या. "काय म्हणालीस?"

"हाव चालत नाई मॅडम. पयल्या दिवसापासून बंदी आहे."

"हाव... चालत नाही." बाईंनी चष्मा काढला. "अर्थशास्त्राच्या वर्गात? आणि कोणाला हाव सुटली तर?"

"तं पुढचा प्रश्न त्यालेच. सगळ्यांसमोर उभं राहून उत्तर द्या लागते. मंग पुन्हा नाई करत कोनी."

"आधी सगळे करायचे?"

"सगळेच मॅडम! रोज तास संपताना. सवयच लागली होती. मोठ्या सरांच्या तासाले तं लय."

बाहेर सरांनी कपाळाला हात लावला. आत बाई गहिवरल्या होत्या. लोभाच्या मुळाशीच घाव घालणारं अर्थशिक्षण आपण उभ्या महाराष्ट्रात पाहिलं नाही, असं त्या म्हणाल्या आणि कोणी सुरू केलं ते विचारलं. सगळ्या पोरांनी प्राजक्ताकडे बोट दाखवलं. प्राजक्ता काहीतरी समजावून सांगू लागली, पण तोवर प्राचार्य नारळ घेऊन पोचले होते. नारळापुढे कोणाचं चालतं?

बाईंचा अहवाल आला. त्यात लोभमुक्त अर्थशिक्षणाची तोंड भरून स्तुती होती, आणि बाहेर पाण्याची व्यवस्था पाहणारे ज्येष्ठ कर्मचारीही अत्यंत नम्र असल्याचं एक वाक्य होतं. प्राचार्य पक्के वऱ्हाडी. त्यांना सगळा प्रकार ध्यानात आला तेव्हा ठसका लागेपर्यंत हसले, आणि पुण्याला काही कळवायचं नाही म्हणाले. पण अहवालाने विभाग वाचणार नव्हता, पोरांनी वाचायचा होता. विषय निवडायच्या दिवशी सर स्टुलावरच बसून होते. वर्ग सुटला होता, आत कोणी नव्हतं, तरी बसून होते. नत्थुजी कधी नव्हे ते स्वतः जिना चढून आले आणि म्हणाले, "सर, वीस कायचे घेऊन बसले? खुर्च्या मागवा लागतात आता." सरांनी नत्थुजींना दोन पेले पाणी पाजलं.

प्राचार्यांनी संध्याकाळी बोलावलं. "गावंडे सर, हा प्रयोग आता अकोल्याच्या शाखेतही करायचा ठरलाय. तिथल्या प्राध्यापकांना तयार करायला इथून कोणीतरी पाठवायचंय." जिंकून हरणं ते हेच! फळा, खुर्ची, कांदा, सगळं डोळ्यांपुढून सरकलं. "मी... माझी प्रकृती..."

"तुम्हाला कोण पाठवतंय? प्राजक्ताला पाठवतोय. अहवालात तिचं नाव वाचून अकोल्याने तिलाच मागितलंय."

सरांचा जीव भांड्यात पडला, आणि पडता पडता त्याला जोरात लागलंही. विभागप्रमुख कोण, वर्षानुवर्षं शिकवतंय कोण, आणि प्राध्यापकांना शिकवायला कोण? घरी येईस्तोवर त्यांचं मन नुसतं वरखाली होत होतं. चहा घेतला, तो अर्धा टाकला. देवमनजी कुंपणाशी आले, त्यांच्याशी बोलले नाहीत. तेवढ्यात जठारपेठेतून फोन.

"जवाईबुवा, वरची खोली आता पाहुण्यासाठी राखा लागते," चंद्रभानजी नेहमीच्या आवाजात सुरू झाले. शाखेचे सल्लागार पडले ना ते. "तुमच्या कॉलेजातून कोनी प्राजक्ता मॅडम येऊन राहिल्या, आमच्या प्राध्यापकायले शिकवाले. पुन्याच्या बाईनं लय तारीफ केली म्हणतात. मोठ्या विद्वान असतीन. तुमची ओळख-पाळख आहे का काही, का तुमाले उभं बी करत नाईत त्या?"

माझीच विद्यार्थिनी, हे वाक्य सरांच्या जिभेवर आलं होतं. माझ्याच हाताखाली शिकली, कालपर्यंत रेघ उलटी काढत होती, हेही आलं होतं. ते त्यांनी गिळलं. का गिळलं ते त्यांनाही नीट कळलं नाही. सासऱ्यांशी ते नेहमी छापील मराठीत बोलत, ते मराठीही त्या घटकेला कुठे गेलं कोण जाणे.

"ओळख काय विचारता मामाजी," सर म्हणाले, "त्याईच्याच हाताखाली काम करून राहिलो मी."

शकुनताई पोळपाट ठेवून दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या.

"असं होय," चंद्रभानजी म्हणाले, आणि आवाज बराच खाली आला होता. "मंग त्या आल्या म्हणजे दोन मिनिटं आमच्या घरी याले सांगसान का जी त्याईले? तुमच्या शब्दानं?"

"मॅडमना विचारून सांगतो," गोवर्धन सर म्हणाले, आणि ते पहिल्यांदाच खुर्चीत स्वस्थ टेकून बसले.